मोर्तारा प्रकरण : पित्याची माया व परक्यांचा कायदा

परराज्याच्या कायद्यास मान द्यावा, हा नियम राजनीतींत फार पूर्वीपासून मान्य झालेला आहे. ज्या राज्यांत राहावें तेथील कायदा पाळावा, आणि एका राज्यानें दुसऱ्याच्या घरच्या कारभारांत हात घालूं नये, अशीं या नियमाचीं दोन अंगें होत. हा नियम नसता तर बलिष्ठ राष्ट्रांना दुर्बळांवर चालून जाण्यास निमित्तांची वाण पडली नसती. परंतु याच नियमाची गांठ आईबापांच्या मायेशीं पडली म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असल्यास इ. स. १८५८ मध्यें इटलींतील बोलोन्या शहरीं घडलेल्या मोर्तारा प्रकरणाइतकें बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

बोलोन्या त्या वेळीं पोपच्या राज्यांत मोडत असे. मोमोलो मोर्तारा हा यहुदी व्यापारी मूळचा मोदेना संस्थानच्या मुलखांतला. तो बायकोमुलांसह येथें येऊन राहिला होता. २३ जून १८५८ च्या रात्रीं पोपचे शिपाई त्याच्या दारीं आले आणि त्यांनीं मुलांचीं नांवें विचारून घेतलीं. एद्गार्दो नांवाच्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला आहे, सबब त्यास घेऊन जाण्याचा हुकूम आहे, असें त्यांनीं सांगितलें. एद्गार्दो तेव्हां सहा वर्षांचा होता. रडून, पायां पडून, विनवण्या करून आईबापांना एका दिवसाची मुदत मिळाली; दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मूल नेण्यांत आलें. त्याची रवानगी झाली ती थेट रोमला, नवख्रिस्त्यांना धर्मशिक्षण देण्याच्या गृहांत.

झालें होतें तें असें. एद्गार्दो तान्हा असतांना आजारी पडला होता. घरांत आन्ना मोरिसी नांवाची ख्रिस्ती मोलकरीण होती. मूल दगावेल या भीतीनें तिनें कोणास न सांगतां त्याच्यावर पाणी शिंपडलें व बाप्तिस्म्याचे शब्द उच्चारले. मूल बरें झालें. गोष्ट तिच्या पोटांत राहिली. पुढें कांहीं वर्षांनीं ती फुटली आणि धर्मन्यायाधिकारी फादर फेलेत्ती यांच्या कानांवर गेली.

आतां कायद्याची बाजू पाहूं. आईबापांच्या संमतीवांचून यहुदी मुलास बाप्तिस्मा देऊं नये, असें त्या धर्माचे पंडितच सांगत आले होते; संत थॉमस अक्वायनस याचेंही मत तेंच. चौदाव्या बेनेडिक्ट पोपनें १७४७ मध्यें या विषयावर जें पत्र काढलें त्यांतही ही मनाई आहे. परंतु मूल मरणोन्मुख असेल तर अपवाद. आणि मुख्य गोष्ट ही कीं, संस्कार अयोग्य रीतीनें झाला तरी एकदां झाला तो झाला. बाप्तिस्मा झालेलें मूल ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती मुलाचें संगोपन यहुद्यांच्या घरीं होऊं देणें राज्याच्या कायद्यास मान्य नाहीं. म्हणजे जें कृत्य करूं नये असें कायदा म्हणतो, त्याच कृत्याचें फळ तोच कायदा कायम करतो. या पेंचांतून बापास सुटका नव्हती.

मोमोलोनें काय केलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यानें परक्या धर्माच्या त्या कायद्यास झुगारून दिलें नाहीं. तो रोमला गेला, त्यानें अर्ज केले, आणि आपल्या जातभाईंच्या साह्यानें ख्रिस्ती धर्मशास्त्राचींच वचनें काढून पोपपुढें मांडलीं. ज्या कायद्यानें त्याचा मुलगा नेला, त्याच कायद्याच्या भाषेंत त्यानें मुलगा परत मागितला. धर्मगृहांत मुलास भेटण्याची परवानगी त्यास मिळे, पण देखरेखीखालीं. सुटकेचा मार्ग एकच सांगण्यांत येई: तुम्हीं आईबापांनीं ख्रिस्ती व्हावें, म्हणजे मूल तुमचेंच आहे. तें त्यांनीं स्वीकारलें नाहीं. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. पुत्राची ओढ एकीकडे, वाडवडिलांचा धर्म दुसरीकडे. या दोहोंत निवड करावयास लावणारा कायदा पाळणें म्हणजे काय, हें त्या घरानें अनुभवलें.

युरोपांत व अमेरिकेंत मोठा गिल्ला झाला. ज्या तिसऱ्या नेपोलियनच्या फौजा रोममध्यें पोपचें रक्षण करीत होत्या, त्याच्या वकिलानेंही निषेध केला. १८५९ मध्यें वृद्ध सर मोझेस माँटेफिओरे लंडनहून रोमला गेले. पोप नववा पायस यानें त्यांस भेटही दिली नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष बुकानन यांनीं मात्र, परराष्ट्रांच्या अंतर्गत कारभारांत ढवळाढवळ न करणें हें आपलें ठरलेलें धोरण आहे, असें उत्तर देऊन हात झटकले. धोरण शुद्ध होतें. पण त्याच देशांत गुलामांचीं मुलें आईबापांपासून तोडून बाजारांत विकलीं जात होतीं. दुसऱ्यास प्रश्न विचारावा तर तोच प्रश्न आपल्या अंगावर यावा, अशी ती अडचण होती. परक्याच्या कायद्याचा आदर हा पुष्कळदां स्वतःच्या कायद्यास झांकण्याचा पडदा असतो.

आमच्या इकडेही याच्या आधीं पंधरा वर्षें असा प्रसंग येऊन गेला होता. १८४३ मध्यें मुंबईस नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहूं लागला. त्याच्या बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. कोर्ट इंग्रजांचें, कायदा इंग्रजांचा, प्रतिपक्षीं इंग्रजांच्याच धर्माचे उपदेशक. तरी मुलगा अल्पवयीन आहे, सबब त्याचा ताबा बापाकडे, असा निकाल झाला. परक्या कायद्यानें बापाची माया ओळखली; अडचण आली ती स्वकीयांच्या कायद्याची! मुलास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावयाचें कीं नाहीं, यावर रणें माजलीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं मुलाचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष पत्करला. तेव्हां कायदा परका असल्यानें निष्ठुर व आपला असल्यानें दयाळू, असें मानण्यास आधार नाहीं. बापाचा हक्क आपल्याही आधींचा आहे हें जो कायदा जाणतो, तोच अशा प्रसंगीं न्याय देऊं शकतो.

बोलोन्यास पुढें जें घडलें तें अधिक विचार करावयास लावणारें आहे. १८५९ मध्यें तेथील पोपची सत्ता संपली, आणि नव्या सरकारनें १८६० च्या आरंभीं फादर फेलेत्तींस अटक करून त्यांच्यावर खटला भरला. लोकमत त्यांच्या विरुद्ध होतें. परंतु त्यांनीं जें केलें तें त्या वेळच्या राज्याच्या कायद्यास व वरिष्ठांच्या हुकमास धरून केलें, असें मानून न्यायालयानें त्यांस सोडून दिलें. आम्हांस हा निकाल योग्य वाटतो. काल जें कायदेशीर होतें त्याबद्दल आज शिक्षा देऊं लागल्यास कोणाचीच मान सुरक्षित राहणार नाहीं. तथापि या योग्य निकालानें मोर्तारांच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं, हेंही खरें.

२० सप्टेंबर १८७० रोजीं इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें. जो कायदा आड येत होता तो बारा वर्षांनीं नाहींसा झाला. पण मुलगाही आतां तो राहिला नव्हता. एकोणीस वर्षांच्या एद्गार्दोनें पोपलाच पिता मानलें होतें. तो रोम सोडून ऑस्ट्रियाच्या मुलखांत गेला, १८७३ मध्यें त्यानें धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, आणि पोपचें पायस, म्हणजे इटालियन भाषेंत पिओ, हें नांव धारण केलें. बाप १८७१ मध्यें वारला. आईची व मुलाची गांठ १८७८ मध्यें फ्रान्समधील पेर्पिन्यां येथें पडली. मार्च १९४० मध्यें एद्गार्दो बेल्जममध्यें वारला. आपल्यावर अन्याय झाला असें त्यास कधीं वाटलें नाहीं. उलट तो आपणांस धन्यच समजे. कांहीं लोक यावरून पोपचें करणें योग्य ठरवितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. सहाव्या वर्षीं तोडलेली फांदी दुसऱ्या झाडावर जीव धरते, एवढ्यानें तोडणाराचा हक्क सिद्ध होत नाहीं.

मग मोमोलोनें कायद्याचा मान राखला तो व्यर्थ गेला काय? तसेंही नव्हे. त्याच्या अर्जांनीं जगाचें लक्ष वेधलें. या प्रकरणानें हेलावलेल्या यहुदी पुढाऱ्यांनीं १८६० मध्यें पॅरिस येथें आपल्या देशोदेशींच्या बांधवांच्या रक्षणासाठीं 'आलियांस इझ्राएलीत युनिव्हर्सेल' ही संस्था काढली. पुढें १९८९ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघानें बालहक्कांचा करार संमत केला. मुलाच्या हिताकरितां अवश्य असल्यावांचून व न्यायालयीन तपासणीची सोय असल्यावांचून त्यास आईबापांपासून त्यांच्या इच्छेविरुद्ध तोडूं नये, असें त्याच्या नवव्या कलमांत आहे. बोलोन्याच्या त्या रात्रीं नेमकी हीच वस्तु नव्हती: हुकूम देणाऱ्याहून निराळा, दोन्ही बाजू ऐकून घेणारा न्यायाधीश. परक्या कायद्याचा मान राखण्याचें कर्तव्य आम्ही मानतों. परंतु ज्याच्यापुढें बापास आपलें म्हणणें मांडतां येतें आणि ज्यास आपली चूक दुरुस्त करतां येते, त्याच कायद्यास हा मान हक्कानें मागतां येईल. जो चूक कबूल करूनही मूल परत देऊं शकत नाहीं, त्याच्यापुढें लोक मान लववितात ती केवळ भीतीनें.