तरहीलमध्ये अडकलेल्या माणसासाठी घरच्यांनी काय करावं?

कोकणातल्या आपल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी सौदीत आहे. त्यामुळे इकामा, कफील, हुरूब हे शब्द शाळेत न गेलेल्या अम्मीलाही माहीत असतात. तरहील हा शब्द मात्र कानावर आला की घरात एकदम शांतता पसरते. तरहील म्हणजे ज्यांना देशाबाहेर पाठवायचं आहे अशांना ठेवण्याची जागा. जेद्दाहजवळ शुमैसीला असं मोठं केंद्र आहे. फोन बहुधा अनोळखी नंबरवरून येतो, मिनिटभरात कट होतो आणि मागे रडारड उरते. मग लोक अर्ज लिहून घ्यायला आम्हा शिक्षकांकडे येतात. त्यातून जे शिकलो ते इथे देत आहोत.

पहिलं काम, माणूस कशासाठी धरला गेला हे समजून घ्या. नुसता इकामा संपला असेल तर गोष्ट वेगळी. कफीलने ‘कामावरून पळाला’ अशी नोंद केली असेल तर त्याला हुरूब म्हणतात. कर्ज, अपघात, भांडण, चोरीचा आळ असं काही असेल तर तो ‘मतलूब’, म्हणजे पोलिसांना किंवा कोर्टाला हवा असलेला. पहिल्या दोन प्रकारांत माणसाला घरी पाठवणं एवढाच प्रश्न असतो. तिसऱ्यात केस मिटेपर्यंत बाहेर जायची परवानगी मिळत नाही, मग तिकीट हातात असून उपयोग नाही. घरचे नेमकं हेच लपवतात. ‘काही केस नाही हो सर’ म्हणतात आणि दोन महिन्यांनी बँकेच्या हप्त्याची गोष्ट बाहेर येते. लोक काय म्हणतील याची भीती आम्हाला समजते, पण वकिलातीपासून लपवून नुकसान आपल्याच पोराचं.

मग कागद. पासपोर्टची झेरॉक्स (जुन्या पासपोर्टची असली तरी चालेल), इकामा नंबर, व्हिसाची प्रत, कफीलचं किंवा कंपनीचं नाव, धरल्याची तारीख आणि शहर. इकामा नंबर दहा आकडी असतो आणि परदेशी माणसाचा २ ने सुरू होतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. गावात ‘बाबू’ म्हणतात म्हणून अर्जात बाबू लिहिलेलं आम्ही पाहिलंय!

तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर करायची. २०१५ साली सुरू झालेलं हे पोर्टल मोबाईलवरही उघडतं आणि भारतातल्या नातेवाइकाला तक्रार नोंदवता येते. जो नंबर मिळेल तो वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी तोच सांगायचा. कार्यालय मात्र बरोबर निवडा. मक्का, मदिना, जेद्दाह, ताइफ, तबूक, अब्हा, जीझान हा पश्चिमेचा भाग जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतो. रियाध, दम्माम, खोबर, जुबैल रियाधच्या राजदूतावासाकडे. दम्मामच्या माणसासाठी जेद्दाहला अर्ज गेला की आठवडा फुकट. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हेही फोन करताना लक्षात असू द्या.

धरलेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू देणं हा १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला हक्क आहे. पोराचा पुन्हा फोन आला तर त्याला एवढंच सांगा, ‘बेटा, भारतीय वकिलातीचा माणूस भेटायला हवा म्हणून माग. आणि अरबीत लिहिलेल्या कागदावर न समजता अंगठा देऊ नको.’

पासपोर्ट कफीलकडे राहिला असेल किंवा हरवला असेल तर वकिलात ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देते. त्यावर फक्त भारतात येता येतं. त्यासाठी माणूस भारतीय आहे याची खात्री करावी लागते आणि वेळ जातो तो इथेच. पोलिसांकडून चौकशी आली तर घरच्यांनी रेशनकार्ड, शाळेचा दाखला तयार ठेवावा.

पैशांचं म्हणाल तर एजंटला देऊ नका. ‘तीन दिवसांत बाहेर काढतो, पन्नास हजार पाठवा’ असे फोन अशा वेळी हमखास येतात. आमच्या माहितीतल्या एका घराने बांगड्या विकून रक्कम दिली, पोरगा आला तो वकिलातीच्या कागदावर आणि एजंटचा फोन अजून बंद आहे. खरोखर गरज असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. २००९ पासूनच्या या निधीतून गरजूंना परतीचं तिकीट, औषधोपचार, काही वेळा वकिलाचा खर्च मिळू शकतो. परिस्थिती पाहूनच देतात, म्हणून अर्जात घरची हालत मोकळेपणाने लिहा. गडी इसीआर पासपोर्टवर, म्हणजे इमिग्रेशनची मंजुरी घेऊन गेला असेल तर प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसीही शोधा. बहुतेकांच्या घरी ती कपाटात पडून असते.

थकलेला पगार असेल तर निघण्याआधी वकिलातीच्या नावाने मुखत्यारपत्र द्यायला सांगा, नाहीतर विमानात बसल्यावर तो पैसा मिळवणं फार अवघड. आणि बोटांचे ठसे घेऊन पाठवलेल्या माणसाला कामाच्या व्हिसावर पुन्हा सौदीत जाता येत नाही. ‘दुसऱ्या नावाने पासपोर्ट काढू’ असं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. ठसे बदलत नाहीत.

परत येताना इमर्जन्सी सर्टिफिकेटचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा. मुंबई विमानतळावर तो कागद जमा करून घेतात आणि नवा पासपोर्ट काढायला जाल तेव्हा त्याची प्रत विचारतात.