वऱ्हाडी रुपयाचा रंग आणि त्याची पारख

एलिचपूरच्या मोगली टाकसाळीत पडलेला रुपया, नागपूरकर भोसल्यांचा रुपया, निजामाच्या मुलखात औरंगाबादेस पडणारा पेस्तनशाही रुपया, आणि सरतेशेवटी १८३५ च्या कायद्याने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एका वजनाचा व एका कसाचा ठरविण्यात आलेला कंपनी सरकारचा रुपया, अशी भिन्न कुळांची आणि भिन्न कसांची नाणी ज्या मुलखाच्या बाजारांतून वर्षानुवर्षे हातोहात फिरली, त्या वऱ्हाडात नाण्याची पारख ही हौशी माणसाची करमणूक नव्हती; रयतेचा सारा, सावकाराचे व्याज आणि कापसाच्या व्यापाऱ्याचा नफा ही तिन्ही त्या पारखेवर अवलंबून असत. आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या सराफ्यात निळा, जांभळा, सोनेरी असे रंग चढलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया जेव्हा संग्राहकाच्या तळहातावर ठेवला जातो, तेव्हा पारखेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो; मात्र तो आता धातूविषयीचा नसून रंगाविषयीचा असतो. हा रंग काळाने चढविला आहे, की कोणा कारागिराने गेल्या महिन्यात?

या प्रश्नाचे वऱ्हाडातील स्वरूप समजून घ्यावयाचे तर येथील जुन्या चलनव्यवहाराकडे वळावे लागते. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला आणि वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली आले. परंतु भोसल्यांचा वसुलावरील हक्क कायम राहिल्यामुळे एकाच गावी दोन सरकारांचे कामगार वसुलास येऊन बसत, आणि ही दुअंमली १८०३ साली अडगावची लढाई व गाविलगडाचा पाडाव होऊन देवगावचा तह होईपर्यंत चालली. पुढे अर्धशतकाने, १८५३ च्या तहान्वये, प्रांत इंग्रजांच्या हवाली झाला. राज्यकर्ते असे बदलले तरी पूर्वीच्या शिक्क्याचे रुपये लोकांच्या गाठीशी राहतच. ते खजिन्यात भरावयास आणले म्हणजे पोतदार एकेक नाणे हाती घेई, वजन करी, दगडावर वाजवून नाद ऐके, शंका आल्यास कसोटीच्या दगडावर ओढी किंवा सुलाखून आतली धातू पाही, आणि कस व झीज पाहून बट्टा ठरवी. सराफही हेच करीत, आणि पारखलेल्या नाण्यावर आपल्या पेढीची लहानशी खूण ठोकीत. या साऱ्या परीक्षेत रंगाला स्थान होते ते केवळ अडथळ्याचे. काळवंडलेला रुपया संशयास्पद. तो घासून पांढरा करावा आणि मग पाहावा, असा रिवाज. ज्याला आजचा संग्राहक नाण्याचे ऐश्वर्य मानतो, ते जुन्या पोतदाराच्या दृष्टीने सत्य झाकणारे पटल होते.

हे पटल म्हणजे नेमके काय? १८३५ च्या कायद्याने ठरलेल्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, त्यांपैकी अकरा बारांश चांदी आणि एक बारांश तांबे. हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन तिच्या पृष्ठावर रजत-गंधकिदाचा अतिसूक्ष्म थर बसतो. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो तोवर त्याला स्वतःचा असा रंग दिसत नाही; पावसाच्या डबक्यावर तरंगणाऱ्या तेलावर जसे इंद्रधनुष्याचे रंग उमटतात, तसाच येथेही थराच्या वरून आणि तळातून परावर्तित होणाऱ्या किरणांच्या परस्पर-व्यतिकरणाने रंग निर्माण होतो. थर जसजसा जाड होत जाईल तसतसा रंग बदलतो, आणि त्या बदलाचा क्रम निसर्गाने बांधून दिलेला आहे: प्रथम फिकट सोनेरी, मग तांबूस पिंगट, मग जांभळा, मग निळा, पुढे आकाशी, त्यानंतर पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवा, आणि अखेरीस काळा. परीक्षकाच्या हाती असलेले सर्वांत बळकट साधन म्हणजे हा क्रम. नाण्याच्या काठाकडून मध्याकडे जाताना रंग याच श्रेणीने उतरत गेले असतील, एका रंगाची सीमा दुसऱ्यात हळूच मिसळत असेल, अक्षरांच्या व मुखवट्याच्या कडेशी रंग किंचित थबकलेला असेल, आणि नाणे दिव्याखाली फिरविले असता मूळ धातूची झळाळी त्या थरातून चक्राकार फिरताना दिसत असेल, तर तो रंग दीर्घकाळच्या संथ क्रियेचा असण्याचा संभव मोठा. याउलट सोनेरीनंतर एकदम निळा, मधला पिंगट व जांभळा गायब. रंग अक्षरांची व खोलगट भागाची पर्वा न करता सपाट पसरलेला. झळाळी मेलेली आणि रंग तेवढा वर तरंगत असलेला. अशी लक्षणे दिसली की मन सावध व्हावे.

सराफ्यातील कारागिराला गंधकाचे गुण नवे नाहीत. चांदीच्या दागिन्यावरील नक्षी उठून दिसावी म्हणून गंधकी पोटॅशच्या द्रावणात दागिना बुडवून खोलगट भाग काळे करण्याची रीत सोनारांच्या पेशात रूढच आहे. तीच विद्या पातळ द्रावणात व मोजक्या वेळेत वापरली की रुपयावर मोराच्या पिसाऱ्याचे रंग उमटतात. कोणी गंधकाची धुरी देतो, कोणी उकडलेल्या अंड्याच्या बलकाशेजारी नाणे बंद डब्यात ठेवतो, कोणी आयोडीन लावतो, कोणी नुसत्या आचेवर तापवितो. आचेचे काम बहुधा उघडे पडते, कारण रुपयातील तांबे तापून मळकट तपकिरी-काळपट छटा देते. परंतु कुशल हाताने, थोड्या गंधकात, काही आठवडे वा महिने धीर धरून केलेले काम ओळखणे हे तज्ज्ञालाही अवघड जाते, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने कृत्रिम थर आणि नैसर्गिक थर हे दोन्ही एकाच पदार्थाचे असतात. म्हणून १९८६ व १९८७ साली अमेरिकेत काम सुरू केलेल्या दोन मोठ्या नाणे-परीक्षण संस्थाही संशयास्पद रंगाच्या नाण्याला सर्वसाधारण प्रत देण्याचे नाकारतात तेव्हा तो निवाडा मुख्यतः अनुभवी डोळ्याचाच असतो.

अशा वेळी रंगापेक्षा निवासाचा विचार अधिक उपयोगी पडतो, असे माझे निश्चित मत आहे. नाणे कोठे राहिले, कशात राहिले, कोणाच्या शेजारी राहिले, हे विचारावे. आणि वऱ्हाडापुरते तरी या प्रश्नांचे उत्तर शोधता येते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तेथील कापूस विलायतेस पोचेनासा झाला, वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि चांदीचे रुपये कुणब्याच्या घरापर्यंत वाहत आले. त्या रुपयांचे झाले काय? पुष्कळसे आटवून त्यांचे गोठ, तोडे व वाळे झाले. काहींना कडी डाखून ते गळ्यातील माळेत ओवले गेले. काही कमरेच्या कशात घामाने भिजत राहिले. काही गडूत वा मडक्यात घालून जमिनीत पुरले गेले. आणि जे देवघरात राहिले ते दरवर्षी लक्ष्मीपूजनाला बाहेर निघाले. त्या दिवशी ते चिंचेने किंवा राखेने, पुष्कळदा रांगोळीच्या भुकटीने, घासले जात, पंचामृताने न्हात, हळदकुंकवाने माखले जात. ज्या रुपयाने अशा पन्नास-साठ दिवाळ्या पाहिल्या, त्याच्या अंगावर रांगोळीच्या दगडी कणांचे केसासारखे बारीक ओरखडे असणारच, आणि मूळची टाकसाळी झळाळी जाणारच. म्हणून वऱ्हाडी देवघरातून आल्याचे सांगितले जाणारे, परंतु सर्वांगावर अखंड इंद्रधनुष्य मिरविणारे नाणे जेव्हा पुढे येते, तेव्हा त्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. ओरखडे आहेत आणि रंग त्या ओरखड्यांच्या तळापर्यंत भरला आहे, असे भिंगातून दिसले, तर रंग शेवटच्या घासणीनंतरचा आहे, एवढे निश्चित.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतील चांदीच्या डॉलरचे आहे, आणि त्याचा आपल्या रुपयाशी असलेला संबंध फार थोड्यांना ठाऊक असेल. १८७८ पासून पाडलेले मॉर्गन नावाचे डॉलर तेथील खजिन्यात हजार-हजारांच्या जाड कापडी पिशव्यांतून दशकानुदशके निजून राहिले. कापडाला टेकलेल्या नाण्यांवर कापडातील गंधकाने चंद्रकोरीसारखे रंग चढले, काहींवर तर विणीची जाळीही उमटली, आणि संग्राहकांनी त्यांना मूळ किमतीच्या अनेक पटींनी उचलले. परंतु पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई होऊन नोटांचे रुपये देणे सरकारास कठीण झाले तेव्हा, १९१८ च्या पिटमन कायद्याने, असे सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर वितळविण्यात आले, आणि त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकण्यात आली. ती येथल्या टाकसाळींत रुपये होऊन बाहेर पडली. एकाच चांदीचा एक भाग तिकडे पिशवीत राहून रंगीत झाला, आणि दुसरा इकडे येऊन हाताहातांत झिजला व घासला गेला. तिकडच्या रंगाची अपेक्षा इकडच्या नाण्याकडून करणे म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरविणे होय. वऱ्हाडात रंगीत रुपया मुळीच संभवत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पेढीच्या तिजोरीत कागदी गुंडाळीत राहिलेला, किंवा घोंगडीच्या तुकड्यात बांधून संदुकीच्या तळाशी विसरला गेलेला रुपया सुंदर रंग धरू शकतो. लोकरीत गंधक असतेच. पण तेथे रंग ज्या बाजूस स्पर्श होता त्या बाजूस अधिक, आणि दुसऱ्या बाजूस उणा असावा.

जमिनीतून निघालेल्या नाण्याची कथा आणखी निराळी. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात शतकभर राहिलेल्या चांदीवर सहसा क्षारांचा करडा-काळा थर चढतो आणि मिश्रणातील तांबे बाहेर पडून हिरवी पुटे बसतात. तिच्यातून मोरपंखी निळाई निघत नाही. तेव्हा शेतात सापडल्याचे सांगून रंगीबेरंगी रुपया विकणारा मनुष्य दोन असत्यांपैकी एक तरी सांगत असतो. जुन्या साठ्यांचे महत्त्व किती, याला वऱ्हाडातच उत्तम दाखला आहे. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा, दीड हजारांहून अधिक संख्येचा साठा सापडला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे संशोधन करून पुराणांना अज्ञात असलेले कुंभ, कर्ण, शक अशा नावांचे सातकर्णी राजे इतिहासाच्या पटावर आणले. हेच मिराशी पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्याच अमरावती जिल्ह्यात धामोरी येथे कलचुरी कृष्णराजाची चांदीची नाणी मिळाली. असे साठे इतिहासाला उपयोगी पडतात ते एकत्र, आपल्या भांड्यासह, जसे निघाले तसे हाती लागले तरच. एखाद्याने ती नाणी आम्लात धुतली आणि चार वेगवेगळ्या बाजारांत विकली, तर प्रत्येक नाणे खरे असूनही साठा नाहीसा होतो.

जुन्या सराफांच्या खुणा या बाबतीत मला विशेष मोलाच्या वाटतात. एरवी संग्राहक त्यांना दोष मानतो व किंमत कमी करतो. परंतु खूण ठोकताना धातूचा नवा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि ती कधीची याचा साधारण अंदाज बांधता येतो, कारण पेढ्यांवर रुपया तपासण्याची गरज एकविध चलनानंतर हळूहळू मावळत गेली. तेव्हा खुणेच्या खोलीतला रंग आणि आजूबाजूचा रंग यांची तुलना करावी. दोन्हींत सारखीच जुनी काळिमा असेल, तर खुणेनंतर नाणे दीर्घकाळ अस्पर्श राहिले असावे. खुणेच्या कडा घासून गोल झाल्या आहेत आणि तिच्या आतही वरच्यासारखाच ताजा, चमकदार निळा भरला आहे, तर तो निळा घासणीच्या नंतरचा. विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी नाण्यावरील या थरांचा क्रम उलटविता येत नाही.

१९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि तिच्यात तांब्याबरोबर निकेल व जस्तही मिसळण्यात आले; १९४१ ते १९४३ या काळात जुने चांदीचे रुपये क्रमशः चलनातून बाद ठरले. त्या घडामोडीत सरकारी खजिन्यात परत गेलेल्या आणि घरोघरी आटविल्या गेलेल्या रुपयांची गणती कोण करणार? राहिलेल्यांपैकी ज्यांच्या अंगावर अजून खरा, अस्पर्श रंग आहे, ते मोजकेच असणार, आणि तोतया रंगाचे पीक येण्याचे कारणही हेच दुर्मीळपण आहे.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. घरच्या जुन्या रुपयांपैकी जे दरवर्षी पूजेत असतात ते तसेच राहू द्यावेत, परंतु जे कधी घासले गेले नाहीत ते यंदाच्या लक्ष्मीपूजनाला रांगोळीपासून दूर ठेवावेत, आणि ते कशात बांधून कोठे ठेवले होते हे एका कागदावर लिहून त्यांच्यासोबत ठेवावे. शेतात साठा सापडला, तर १८७८ च्या निखात-निधी कायद्यान्वये तो जिल्हाधिकाऱ्याकडे रुजू करावा. भांडे फोडू नये, माती झटकू नये आणि एकही नाणे धुऊ नये.