उचल आणि पॅकेज

'लग्नगडी' हा शब्द ऐकलाय? लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याच शेतावर राबायचं, असा तो गडी. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यात ही पद्धत होती. लग्न होऊन आलेली बायकोही त्याच कर्जात राबायची. वही सावकाराच्या घरात, त्यामुळे कर्ज फिटलं की नाही हे तोच सांगणार. बाप गेला की मुलगा वेठीला.

1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने तलासरी, डहाणू भागातल्या वारल्यांना याविरुद्ध संघटित केलं. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला झालेल्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. लग्नगडी मात्र सुटले. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने देशभरातली असली कर्जंच रद्द केली.

कर्ज रद्द झालं, कर्जाची गरज उरली. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर नाचणी, वरई, भात पिकतं ते एका पावसावर. दिवाळीनंतर हाताला काम नाही. मग भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्या. आधी उचल घ्यायची, पाऊस पडेपर्यंत ती फेडायची. मजुरी हजार विटांवर आणि हिशेब जोडप्याचा, म्हणजे बाईच्या कष्टाचा वेगळा आकडा कुठेच नाही. पोरं सोबत जातात, शाळा मागे राहते.

मी मोखाड्यात वाढलो, वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. इंजिनिअरिंगला मीही कर्ज काढलं. त्याला व्याजाचा दर होता, हप्ता होता, शेवटची तारीख होती. बँकेने माझी हुशारी नाही, वडिलांची पगाराची स्लिप बघितली. माझ्या वर्गातल्या भट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या घरीही कर्जच होतं, पण त्यांनी तारण ठेवला तो अख्ख्या घराचा सीझन. आज माझं पॅकेज आणि त्यांची मजुरी यांतला फरक मोजताना लोक मेहनतीचं बोलतात. मेहनतीत ते माझ्या मागे कधीच नव्हते.

म्हणून मला रोजगार हमी महत्त्वाची वाटते. महाराष्ट्राने 1977 मध्येच तिचा कायदा केला. गावात काम आणि वेळेवर मजुरी मिळाली, तर उचल नाकारता येते. उचल नाकारली, की दिवाळीनंतरही पोरगं वर्गात बसतं.