कांटचा पेच आणि काळारामाचे दार

जगाला आरंभ आहे. जगाला आरंभ नाही. बुद्धी दोन्ही सिद्ध करू शकते, हे इमॅन्युएल कांटने १७८१ मध्ये दाखवले. दोष तळातल्या गृहीतकात होता.

मित्रांनो, हाच पेच २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे उभा होता. अस्पृश्य हिंदू, म्हणून देव त्यांचा. ते अस्पृश्य, म्हणून दार बंद. दोन्हींना आधार धर्माचाच! (हे कळायला कांट लागत नाही, दाराबाहेर उभे राहिलेले पुरते.) दादासाहेब गायकवाडांसह सत्याग्रही झुंजत राहिले. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्रात स्पष्ट कळवले: मूर्तिपूजक बनवण्यासाठी नव्हे, समाजाला जागे करण्यासाठी हा लढा होता.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू राहण्याचे गृहीतकच नाकारले.