काचबिंदू : दोन हजार वर्षांची गल्लत

"डॉक्टर, मोतीबिंदूसारखं याचंही ऑपरेशन करून टाका, म्हणजे परत नीट दिसेल." काचबिंदूचे निदान सांगितल्यावर हे वाक्य मला हमखास ऐकायला मिळते. रुग्णाला दोष कसा द्यावा? हीच गल्लत वैद्यकशास्त्राने दोन हजार वर्षे केली. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्य म्हातारपणी बाहुली निळसर-हिरवट दिसून नजर जाण्याला 'ग्लॉकोसिस' म्हणत. 'ग्लॉकोमा' हे नाव त्याच कुळातले.

गल्लतीचे कारण साधे आहे. मोतीबिंदू भिंगात होतो आणि पिकला की बाहेरूनही दिसतो. काचबिंदूत इजा होते ती डोळ्याच्या मागच्या बाजूला, मेंदूकडे जाणाऱ्या नसेला. जिवंत माणसाच्या डोळ्यात तिथपर्यंत पाहायचे साधनच नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ते जगापुढे आणले : ऑफ्थॅल्मोस्कोप.

बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी त्यातून पाहिले आणि आधी चक्क चुकले. नसेचे टोक फुगले आहे असे त्यांना वाटले; प्रत्यक्षात ते खोलगट झाले होते. पुढे त्यांनी ही चूक दुरुस्त केली. (तुमच्या रिपोर्टमध्ये 'कप' लिहिलेला असतो, तो हाच खोलगटपणा.)

१८५७ मध्ये ग्रेफे यांनी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. डोळा लाल, असह्य ठणका, उलट्या अशा अवस्थेतील रुग्णांची नजर त्यामुळे वाचू लागली. मात्र न दुखता, गुपचूप वाढणाऱ्या काचबिंदूत तिचा तसा गुण येईना. डोळ्यातले पाणी ज्या कोनातून बाहेर पडते तो पहिल्या प्रकारात बंद होतो, तर दुसऱ्यात उघडाच असतो आणि अडथळा पुढच्या बारीक जाळीत असतो. हा फरक स्पष्ट व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

थेंबांची सुरुवात तर आणखी विलक्षण. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाची विषारी बी आरोपीला खायला देत. जगला तर निर्दोष. त्या बीतले औषध स्ट्रासबर्गचे डॉ. लुडविग लाकेर यांनी १८७६ मध्ये काचबिंदूसाठी वापरले. त्यांना स्वतःलाच काचबिंदू होता! थेंबांनी त्यांचा डोळ्याचा दाब उतरे. पुढे त्यांनी ग्रेफे यांची शस्त्रक्रियाही करून घेतली आणि नंतर कित्येक वर्षे रुग्ण तपासले.

आजचे थेंब, लेसर, शस्त्रक्रिया हे सारे तेच करतात : दाब कमी. मेलेली नस त्यांतले काहीच जिवंत करत नाही, म्हणून उपचारानंतर नजर सुधारल्यासारखी वाटत नाही. "फरक पडला नाही, म्हणून थेंब बंद केले," असे सांगत काहीजण वर्षभराने येतात. फील्ड टेस्ट केली की कळते, बाजूची नजर आणखी गेलेली असते.