तळटीप : कॉर्सेअरची टोपणनावे

१. लेखकाने येथे ‘वाकड्या पंखांचे विमान’ म्हटले आहे ते अमेरिकेचे एफ४यू कॉर्सेअर. त्याचे पहिले उड्डाण २९ मे १९४० रोजी झाले. सुमारे २,००० अश्वशक्तीच्या इंजिनाला चार मीटरहून मोठा पंखा लागला. तो जमिनीला टेकू नये आणि चाकांचे पायही आखूड, भक्कम राहावेत म्हणून विमानाचे पंख आधी खाली आणि मग वर वळवले. इंधनाची टाकी धडात बसवताना वैमानिकाची जागा मागे सरकली. पुढे लांबलचक नाक आले आणि ‘होज नोज’ हे नाव पडले. विमानवाहू नौकेवर उतरताना या नाकामुळे समोरची धावपट्टीच दिसत नसे. त्यातच वेग कमी होताच डावा पंख आधी झुकायचा. ‘एन्साइन’ दर्जाच्या अननुभवी तरुण नौदल अधिकाऱ्यांना ते फार जड गेले. ‘एन्साइन एलिमिनेटर’ हे नाव त्यांच्या जिवावर बेतलेल्या अपघातांतून आले. पुढे उजव्या पंखाच्या कडेला छोटी पट्टी बसवून हा दोष बराच आटोक्यात आणला गेला. पंखांच्या मुळाशी असलेल्या झरोक्यांतून वेगाने हवा शिरताना शीळ उठे. तिच्यावरून जपानी सैनिक त्याला ‘व्हिसलिंग डेथ’ म्हणत, असे अमेरिकी युद्धवृत्तांतांत सांगितले जाते. वाचकांनी ही नावे केवळ शौर्याची बिरुदे समजू नयेत. त्यांतली दोन तरी विमानाच्या उणिवांची नोंद आहेत.  — संपादक