किशोरी : व्यायाम, चयापचय व क्षुधा

दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत मुलीच्या शरीरात चालणारा ऊर्जेचा जमाखर्च आणि व्यायामामुळे त्यात व भुकेत होणारे फेरफार यांचा विचार या नोंदीत केला आहे.

उंचीची वाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगवान होते, आणि तिच्या मागेपुढे जेमतेम दोन वर्षांत प्रौढ अस्थिसंचयाचा सुमारे चतुर्थांश जमा होतो; तथापि प्रत्यक्ष वाढीस लागणारी ऊर्जा दैनिक खर्चाच्या एक-दोन टक्क्यांहून क्वचितच अधिक असते आणि मोठ्या रकमा आधारभूत चयापचय व हालचाल या दोन बाबींखालीच पडतात. हालचालीत घागरी वाहणे आणि शेतातली मजुरीही आली. आपल्याकडे तिला व्यायाम म्हणण्याची प्रथा नाही इतकेच.

श्रम वाढले की भूक त्याच प्रमाणात वाढते, हा समज पूर्णतः खरा नाही. ज्याँ मेयर व सहकाऱ्यांनी 1956 मध्ये पश्चिम बंगालमधील ताग-गिरणीच्या कामगारांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बैठे काम करणारे हलके काम करणाऱ्यांहून अधिक खात असल्याचे आढळले. ते कामगार मात्र सारे पुरुष होते. जोरदार व्यायामानंतर घ्रेलिन हे क्षुधावर्धक हॉर्मोन काही काळ घटते, म्हणून सराव संपवून आलेल्या मुलीला पानावर बसूनही अन्नाची वासना नसते. अशा वेळी भूक हा विश्वासू कारकून नव्हे.

समजा, 50 किलो वजनाच्या धावपटू मुलीचे मेदरहित वस्तुमान 40 किलो आहे. तिने 1,700 किलोकॅलरींचे अन्न घेतले आणि 600 सरावात खर्च केल्या, तर उरलेल्या 1,100 म्हणजे दर किलो मेदरहित वस्तुमानामागे 27.5 होतात. ही शिल्लक 30 च्या खाली गेल्यास अधोथॅलॅमसकडून अंडाशयाकडे जाणाऱ्या आज्ञा पाचच दिवसांत मंदावतात, असे ओहायो विद्यापीठातील ॲन लाउक्स यांनी तरुण स्त्रियांवरील प्रयोगांत दाखविले; शिवाय व्यायामाचा खर्च आहाराने भरून दिला असता हा परिणाम होत नाही, म्हणजे दोष श्रमाचा नसून तुटीचा, हेही त्यांनी सिद्ध केले. ऋतुप्राप्तीस थोडीच वर्षे झालेल्यांत हा परिणाम विशेष दिसतो. त्यामुळे 1974 मध्ये रोझ फ्रिश यांनी मांडलेला, पाळी शरीरातील मेदाच्या ठरावीक प्रमाणावर अवलंबून असते हा सिद्धांत मागे पडला.

तूट दीर्घकाळ राहिली की शरीर काटकसर करते : थायरॉइडचे क्रियाशील हॉर्मोन घटते, नाडी मंदावते, पाळी थांबते, इस्ट्रोजेनअभावी अस्थी कमकुवत होतात, आणि खर्चच उतरल्याने वजन स्थिर राहू शकते, म्हणून वजनकाट्याचा दाखला येथे अपुरा ठरतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेस ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ असे नाव दिले. पाळी थांबणे हे कसून सराव झाल्याचे लक्षण होय, ही काही प्रशिक्षकांची समजूत घातक आहे.

सुरू झालेली पाळी सलग तीन महिने न आल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. गर्भधारणा व इतर कारणे वगळल्यानंतर आहार वाढविणे व सराव कमी करणे हाच पहिला उपचार, कारण संततिनियमनाच्या गोळ्यांनी रक्तस्राव नियमित दिसला तरी अस्थींची झीज त्याने भरून येत नाही.